पिवळ्या टॅगची फाइल

माणसाचं भवितव्य त्याच्या रक्ताच्या एका थेंबात लिहिलेलं असतं.

हे वाक्य ताथवड्यातल्या आमच्या कॉलेजच्या फाटकावर, आठ बाय चारच्या फ्लेक्सवर, दोन महिने टांगलेलं होतं. ते मीच लिहिलं. विभागप्रमुखांना नव्या प्रयोगशाळेच्या उद्घाटनासाठी काहीतरी भारदस्त हवं होतं आणि माझ्या हाताशी अर्धा तास होता. वाक्य खरं नाही हे लिहितानाच माहीत होतं. एका थेंबात आमचं काही होत नाही, निदान दहा मिलिलिटर लागतं. आणि त्यात काही लिहिलेलं असलंच तर ते अजून कुणाला नीट वाचता येत नाही. पण एवढं सगळं फ्लेक्सवर मावत नाही, आणि खालच्या अर्ध्या भागात संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो यायचा होता.

प्रयोगशाळा एका अभ्यासासाठी होती. मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात रक्तातले मायक्रोआरएनए कसे बदलतात, हे पाहायचं होतं. रुग्ण एका हॉस्पिटलच्या मज्जाविकार विभागाचे, यंत्रं आमची. अभ्यासात माझा क्रमांक दुसरा होता. पहिले विभागप्रमुख, कारण त्यांची खुर्ची आधीपासून होती.

उद्घाटनाला अध्यक्षांनी उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरला झेंडूचा हार घातला. नारळही आणला होता, पण तो कुठं फोडायचा यावर एकमत होईना, म्हणून शेवटी तो त्यांच्या गाडीत परत गेला. मग फोटोसाठी फ्रीजरचं दार उघडलं तेव्हा हारातली दोन फुलं आत पडली. ती कुणी काढली नाहीत. पुढं कित्येक महिने मी नमुने ठेवायला दार उघडलं की खालच्या कप्प्यात ती दिसायची, त्या दिवशीच तोडल्यासारखी. त्या फ्रीजरने इतकं चांगलं दुसरं काही टिकवल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

हॉस्पिटलच्या रुग्णांच्या यादीत माझा थोरला भाऊ होता.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. वडील पिंपरीतल्या कारखान्यात फिटर होते. ते गेले तेव्हा मी बारावीत होतो आणि दादा आयटीआय करून चाकणच्या एका कंपनीत नुकता चिकटला होता. मी पुढं शिकलो ते त्याच्या ओव्हरटाइमवर. आमच्या घरात हे कुणी कधी बोलून दाखवलं नाही, त्यामुळे ते विसरायची सोय नव्हती.

कंपनीत गाड्यांचे सुटे भाग होतात आणि दादा ते तपासायचा, डाव्या हाताने, कारण तो डावखुरा. त्याचं मुख्य हत्यार म्हणजे प्लग गेज, बोटाएवढा एक गुळगुळीत पोलादी दांडा. त्याचं एक टोक भागाच्या भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. जाणारं टोक दाबायचं नसतं. ते स्वतःच्या वजनाने उतरतं आणि उतरताना भोकातली हवा बोटाला हलकेच लागते. दादा म्हणायचा, डोळा फसतो, बोट फसत नाही. तपासून झालं की टॅग लावायचा. हिरवा टॅग म्हणजे माल पास. पिवळा म्हणजे होल्ड: शंका आहे, रिपोर्ट यायचाय, तोवर या मालाला कुणी हात लावायचा नाही. लाल म्हणजे रद्द. आणि रद्द झालेलं त्याच शिफ्टमध्ये सुपरवायझरला सांगायचं. शिफ्ट संपल्यावर सांगितलं तर ते सांगणं धरत नाहीत, कारण तोवर मशीनने तसेच आणखी पाचशे करून ठेवलेले असतात.

हे तीन रंग तो घरीही घेऊन यायचा. वहिनीच्या लग्नानंतरच्या पहिल्या आमटीवर त्याने चव न घेताच होल्ड लावला होता, कारण वर तेलाचा तवंग त्याच्या अंदाजापेक्षा जाड होता. वहिनीने ती आमटी त्याला दोन दिवस वाढली आणि त्यानंतर स्वयंपाकघर तपासणीतून मुक्त झालं. विहारातल्या लाउडस्पीकरच्या ज्या वायरीला त्याने लाल चिंधी बांधलेली असायची, ती वायर पौर्णिमेच्या वंदनेला कुणी जोडायची नाही हे सगळ्या वस्तीला माहीत होतं.

आजार आला तो डोळ्यातून. छत्तिसाव्या वर्षी त्याच्या उजव्या डोळ्यापुढं धुकं साचलं, महिन्याभरात निवळलं. पुढच्या वर्षी पायाला मुंग्या आल्या, त्या गेल्या नाहीत. मेंदूच्या एमआरआयमध्ये पांढरे ठिपके दिसले. शरीराच्या संरक्षणाला ठेवलेल्या पेशीच मज्जातंतूंवरचं आवरण खरवडून काढतात, असं डॉक्टर मॅडमनी सांगितलं. दादाने विचारलं, वायरचं इन्सुलेशन जातंय का. मॅडम हो म्हणाल्या. त्याने कंपनीतल्या जवळच्या मित्राला फोन करून एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, झाल्याचं सांगितलं. मित्र म्हणाला, "भावा, आपल्या शॉपमध्ये एमएस म्हणजे माइल्ड स्टील. गंज धरतं, पण मोडत नाही." दादाला हे इतकं पटलं की आजाराची चौकशी करायला येणाऱ्या नातेवाइकांनाही तो हेच ऐकवायचा. ते समाधानाने परत जायचे.

चार वर्षं तो घरीच इंजेक्शनं घेत होता आणि कामावर जात होता. मग एका एमआरआयमध्ये दोन नवे ठिपके निघाले. मॅडम म्हणाल्या की हे औषध आता पुरं पडत नाही, दुसरं जास्त जोराचं आहे, सलाइनमधून सहा महिन्यांनी एकदा द्यायचं, लवकर सुरू करू. दादाने विचार करायला दोन आठवडे मागितले. त्याच दोन आठवड्यांत मी त्याला मायक्रोआरएनए समजावून सांगितले.

रविवार होता, जेवणं झाली होती, थेरगावच्या घरात आम्ही सतरंजीवर बसलो होतो. मी म्हणालो, पेशीत मूळ ड्रॉइंग एका कपाटात बंद असतं. ते कुणी बाहेर नेत नाही. त्याची नक्कल निघते, ती कामाच्या जागी जाते आणि तिच्यावरून प्रथिनं बनतात. मायक्रोआरएनए म्हणजे अगदी चिमुकले तुकडे, बावीस-तेवीस अक्षरांचे. ते स्वतः काही बनवत नाहीत. त्या नकलेला जाऊन चिकटतात आणि काम थांबवतात.

"म्हणजे जॉब कार्ड अडवणारे," दादा म्हणाला.

मी होकार दिला.

"ड्रॉइंग बरोबर, मशीन बरोबर, माणूस बरोबर. पण मधे कुणीतरी चालू द्यायचं कार्ड अडवतोय, नाहीतर अडवायचं ते सोडून देतोय. म्हणून आमचे वॉचमन आमच्याच वायरी कुरतडतात."

मी हा विषय सहा वर्षं शिकवतो आहे. इतक्या थोड्या वेळात तो कुणाला कळल्याचं मला आठवत नाही. मी तिथंच थांबायला हवं होतं. पण वहिनी ओट्याजवळचं काम सोडून दारात येऊन उभी राहिली होती, आणि मोठा भाऊ आपल्याकडे एखाद्या नव्या गेजकडे पाहावं तसा पाहतो आहे, हे सुख मला फार वेळा मिळालेलं नव्हतं. म्हणून मी पुढं बोलत राहिलो. हे तुकडे रक्तात तरंगत असतात. या आजारात काही वाढतात, काही घटतात. त्यावरून आजार कोणत्या वळणाचा आहे आणि कुणाला कोणतं औषध लागू पडेल हे कळू शकतं. या वाक्यात ‘कधीतरी’ हा शब्द मी घातला होता की नाही, ते आता नक्की सांगता येत नाही. घातला असेल तर हळू आवाजात.

"मग माझं बघ," दादा म्हणाला.

आमच्या अभ्यासाला औषध बदलण्याआधीचा एक आणि नंतरचा एक, असे दोन नमुने लागायचे. ‘आधीचे’ कमी पडत होते. मी संमतिपत्र घेऊन गेलो. ते चार पानांचं आहे. तिसऱ्या पानावर स्पष्ट लिहिलंय की या अभ्यासातून सहभागी व्यक्तीला स्वतःचा निकाल मिळणार नाही आणि तिच्या उपचारांचा याच्याशी काही संबंध नाही. दादा असा माणूस आहे की प्रेशर कुकरच्या खोक्यावरच्या सूचनाही शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. त्याने पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं, मग म्हणाला, "तूच लिहिलंय ना? मग काय वाचायचं," आणि सही केली. मी त्याला तिसरं पान दाखवलं नाही. एरवी हेच पान मी प्रत्येक रुग्णाला बोट ठेवून वाचून दाखवतो, कारण तसं करावं हा नियमही मीच सुचवला होता.

रक्त खरं तर हॉस्पिटलमध्येच घ्यायचं असतं, आमचा माणूस मंगळवारी तिथं बसतो. दादाची त्या आठवड्यात सकाळची शिफ्ट होती आणि त्याला रजा मोडायची नव्हती. मी म्हणालो, घरी घेऊ. शेजारच्या इमारतीत पॅथॉलॉजीत काम करणाऱ्या एक ताई राहतात. त्यांनी रविवारी सकाळी येऊन जांभळ्या बुचाच्या नळ्या व्यवस्थित भरून दिल्या. त्यांचं काम चोख होतं, हे मुद्दाम लिहून ठेवतो.

त्या नळ्या मी शर्टाच्या खिशात घालून नेल्या असत्या तरी चाललं असतं. रक्त दोन-तीन तास साध्या हवेत छान राहतं. हे मला पाठ आहे. पण खोलीत दादा होता, वहिनी होती, त्या ताई होत्या, आणि विज्ञानाचा नमुना खिशात घालून नेणं मला शोभेना. मी बर्फ मागितला. वहिनीने फ्रीजरमधले दोन ट्रे डब्यात रिकामे केले आणि विचारलं, वर मीठ टाकू का, आइस्क्रीमच्या पॉटला टाकतो तसं, म्हणजे जास्त गार राहील. ज्या माणसाने यावर पीएचडी केली आहे त्याने होकाराची मान हलवली. मान हलवताना मी चेहरा असा ठेवला होता, जणू हे आता मीच सुचवणार होतो.

वहिनीचं म्हणणं बरोबर होतं. मिठाने बर्फ खरोखर जास्त गार होतो, शून्याच्याही बराच खाली जातो. आइस्क्रीम गोठतं ते त्यामुळेच. रक्तही गोठतं. गोठून पुन्हा सुटलं की तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांच्या पोटातले मायक्रोआरएनए बाहेर सांडतात. मग यंत्र मोजतं ते त्यांना, आणि आजाराचं काही असेल ते त्या गर्दीत दिसेनासं होतं. डांगे चौकाच्या सिग्नलला मी डबा मांडीवर घट्ट धरून रिक्षात बसलो होतो आणि मनात ‘एक महत्त्वाचा नमुना’ असे शब्द येत होते.

प्रयोगशाळेत नळ्या गरगरा फिरवून रक्ताचे थर वेगळे करणारं सेंट्रिफ्यूज थांबलं. झाकण उघडलं. वरचा द्रव, म्हणजे प्लाझ्मा, गव्हाच्या काडीसारखा पिवळसर असायला हवा. तो पातळ केलेल्या कोकम सरबताच्या रंगाचा होता. सगळ्या नळ्या तशाच. मी रजिस्टरमध्ये नमुन्याच्या आकड्यापुढं लिहिलं: ‘प्लाझ्मा गुलाबी. अयोग्य.’ खाली सही केली. तेव्हा दुपारचा एक वाजला होता. कुठल्याही हिशेबाने ती शिफ्ट संपायला अजून वेळ होता.

मी दादाला फोन केला नाही. मंगळवारी दुसरा नमुना घेऊ आणि मग सांगू, असं ठरवलं. मंगळवारी त्याची शिफ्ट होती, त्याच्या पुढच्या मंगळवारी आमचा माणूस सुटीवर होता. दोन आठवडे गेल्यावर ‘नमुना खराब झाला’ हे सांगणं अवघड झालं, कारण आता त्याच्यासोबत ‘आणि मी दोन आठवडे बोललो नाही’ हेही सांगावं लागणार होतं. असं दर आठवड्याला त्या वाक्याचं वजन वाढत गेलं, आणि ते सांगितल्याशिवाय दुसरं रक्त मागता येत नव्हतं.

तिसऱ्या रविवारी मी थेरगावला गेलो, तर फ्रिजवर दादाची हॉस्पिटलची फाइल होती आणि तिला दोऱ्याने एक पिवळा टॅग बांधलेला होता. कंपनीतला. त्यावर त्याच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं: होल्ड. कारण: रिपोर्ट बाकी. तारीख, सही. नव्या औषधाबद्दल डॉक्टर मॅडमच्या स्वागतकक्षात त्याने फोन करून वेळ मागितला होता, आणि तिथल्या मुलीने ‘पेशंट नंतर कळवणार’ असं टिपून घेतलं होतं.

मी म्हणालो की हा तसा रिपोर्ट नसतो रे. तो म्हणाला, कसा असतो मग? वहिनीने चहा आणला. मी चहा घेतला. चहा संपेपर्यंत विषय त्याच्या गल्लीतल्या खोदकामावर गेला होता आणि मी तो परत आणला नाही.

त्यानंतरचे सगळे रविवार मला एकसारखे आठवतात. मी चपला काढायचो, तो टीव्हीचा आवाज कमी करायचा आणि भुवई उंचावून विचारायचा, "काय, रिपोर्ट?" मी म्हणायचो, चालू आहे. तो मान डोलवायचा. कारखान्यात रिपोर्टला वेळ लागतो हे त्याला माहीत होतं. घाई केली की रिपोर्ट चुकतो, हेही त्यानेच मला एकदा सांगितलं. एकदा वहिनी म्हणाली, "अहो भावजी, तुमच्या लॅबपेक्षा आमच्या गल्लीतला शिंपी बरा, तो निदान खोटी तारीख तरी देतो." दादा हसला. मीही हसलो.

मी त्याला ‘थांब’ म्हणालो नव्हतो. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे. ते खरं आहे आणि त्याचा काही उपयोग नाही. आणखी एक गोष्ट त्याच्या शेजारीच आहे, ती इतक्या वेळा सांगितलेली नाही. त्याने औषध सुरू केलं असतं तर आमचा ‘आधीचा’ नमुना कायमचा गेला असता, आणि मला तो हवा होता. अभ्यासाला हवा होता, असं मी म्हणायचो.

मार्चमध्ये जे झालं ते मला त्याच्या मित्राने सांगितलं, तोच माइल्ड स्टीलवाला. सकाळची शिफ्ट होती. जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी दादाने एका पीसमध्ये गेज सोडलं. ते उतरलं. पण त्याच्या बोटाला हवा लागली नाही. त्याने पुन्हा सोडलं, मग दुसरा पीस घेतला, मग आधी पास केलेले चार काढून पाहिले. नंतर तो उजव्या हाताने डाव्या हाताची बोटं चोळत थोडा वेळ बसून राहिला. मग उठला आणि सकाळपासून त्याने हिरवा टॅग लावलेल्या सगळ्या ट्रेंवरचे हिरवे टॅग काढून पिवळे लावू लागला. मित्र म्हणाला, "काय इन्स्पेक्टरसाहेब, आज स्वतःलाच होल्डवर टाकताय काय?" दादा टॅग लावत राहिला. शेवटचा टॅग लावून झाल्यावर तो सुपरवायझरकडे गेला.

"सकाळपासून मी बघितलेला सगळा माल परत बघून घ्या," त्याने सांगितलं. "माझा हात बरोबर नाही."

सुपरवायझर पोरसवदा होता. तो म्हणाला, दादा, बसा, चहा घ्या, होतं कधीकधी. दादा म्हणाला, चहा नंतर घेतो, आधी लिहून घ्या. वेळही त्यानेच सांगितली. सुट्टी संपेपर्यंत डावा पायही उचलेना. कंपनीच्या बसची पहिली पायरी त्याला चढता आली नाही. मित्राने आणि वॉचमनने त्याला धरून एका गाडीत बसवलं.

हॉस्पिटलमध्ये त्याला पाच दिवस स्टेरॉइडची सलाइन लावली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर मॅडम फेरीला आल्या तेव्हा मी खाटेशेजारी होतो. त्या शांतपणे म्हणाल्या की नवीन औषध आपण दिवाळीनंतर लगेच सुरू करणार होतो.

"रिपोर्ट यायचा होता," दादा म्हणाला.

"कोणता रिपोर्ट?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. मग मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्या आमच्या अभ्यासात होत्या, संमतिपत्राच्या चौथ्या पानावर त्यांचंही नाव होतं. त्यांनी मला काही विचारलं नाही. फाइल हातात घेतली, पिवळा टॅग वाचला, पुन्हा जागेवर ठेवली आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. माझ्या नोकरीत मी बऱ्याच समित्यांपुढं उभा राहिलो आहे. एवढी थोडक्यात आटोपलेली चौकशी दुसरी नाही.

मग मी त्याला सांगितलं. रिपोर्ट कधी येणारच नव्हता, तसा तो कुणालाच देत नाहीत. शिवाय नमुना त्याच दिवशी खराब निघाला होता. बर्फामुळे. मी बर्फ म्हणालो, मिठाचं बोललो नाही, कारण वहिनी खालून औषधं घेऊन नुकतीच दारात आली होती.

दादा छताकडे पाहत होता. त्याने विचारलं, "तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. दुपारी एकला."

त्याने पाच महिने मोजले असावेत. ओठ हलत होते. तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यासाठी मी तयारी करून ठेवली होती.

"लाल टॅग त्याच शिफ्टमध्ये लावायचा असतो रे," तो म्हणाला. "एवढंच असतं आमचं सगळं काम."

वहिनीने औषधांची पिशवी टेबलावर ठेवली आणि चिठ्ठीवरच्या गोळ्या एकेक करून मोजू लागली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

नंतर मित्र भेटायला आला तो पेढे घेऊन. त्या दिवशीचा सगळा माल पुन्हा तपासला, एकही पीस वाईट निघाला नाही, ही बातमी त्याने मोठ्या उत्साहाने दिली. दादाने ती ऐकून घेतली. म्हणाला, "म्हणजे माल चांगला होता. मला कळत नव्हतं, एवढंच." पेढा त्याने उजव्या हाताने घेतला.

पाय बराचसा परत आला. हात तितका आला नाही. बोटांना गरम-गार कळतं, हवा कळत नाही. औषध वेळेवर सुरू झालं असतं तर हे टळलं असतं का, असं मी मॅडमना नंतर एकटा गाठून विचारलं. त्या म्हणाल्या, सांगता येत नाही, कदाचित टळलं असतं, कदाचित नसतं. खरं उत्तर हेच आहे. मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो की विज्ञानात ‘सांगता येत नाही’ म्हणायला लाज वाटू नये. ते उत्तर ऐकायला कसं वाटतं, हे मी कधी शिकवलेलं नाही.

कंपनीने दादाला तपासणीवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. तिथं तो लोकांना मागतील ते बोल्ट आणि हातमोजे देतो आणि वहीत सही घेतो. गेज त्याने जमा केलं. जमा करण्याआधी स्वतः पुसून तेल लावलं, असं मित्र म्हणाला. नवीन औषध सुरू आहे, अजून नवा ठिपका निघालेला नाही. पिवळा टॅग त्याने फाइलवरून सोडला, पण त्याच्या जागी कोणताही रंग लावला नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, यासाठी आमच्याकडं टॅग नाही.

मागच्या महिन्यात त्याने आमच्या अभ्यासासाठी पुन्हा रक्त दिलं. मी मागितलं नव्हतं, तो स्वतः मंगळवारी हॉस्पिटलमध्ये येऊन बसला. संमतिपत्राची चारही पानं त्याने वाचली. तिसऱ्या पानावर थोडा थांबला आणि पुढं वाचून सही केली. वहिनी सोबत होती. नळ्या भरल्यावर मी त्या स्टँडमध्ये तशाच उभ्या ठेवल्या. तिने विचारलं, बर्फ नको? मी नको म्हणालो. मग तिने विचारलं, "आणि मीठ?"

मी म्हणालो, नको.

"बरं," ती म्हणाली आणि पर्सची चेन लावली.

प्लाझ्मा स्वच्छ पिवळा निघाला. तो आता ‘नंतरच्या’ गटात आहे. त्याच्या जोडीची ‘आधीची’ जागा तक्त्यात रिकामी आहे, आणि रिकामी जागा विश्लेषणात धरत नाहीत, त्यामुळे हा नमुनाही बहुधा वगळला जाईल. हे मी दादाला त्याच दिवशी, तिथंच सांगितलं. तो म्हणाला, बरं केलंस, सांगितलंस.

आता तो कामावर बसने जात नाही. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना एकेक जादा चाक बसवलेली स्कूटर त्याने घेतली आहे. ती इमारतीच्या शेडमध्ये मावत नाही, उघड्यावर उभी असते. कॉलेजच्या फाटकावरचा फ्लेक्स उतरवल्यापासून भांडारात पडून होता. मी तो त्याला स्कूटर झाकायला नेऊन दिला. अक्षरांची बाजू तो आत ठेवतो, कारण पावसात शाई उतरते. फ्लेक्स आठ बाय चारचा आहे. स्कूटरला पुरतो, एका बाजूचं जादा चाक तेवढं भिजतं.